फारकतीच्या बैठकीत मुलांचे म्हणणे

नाशिकहून गिरणाऱ्यावरून वाघेऱ्याचा घाट ओलांडून, किंवा त्र्यंबकेश्वरावरून पश्चिमेच्या डोंगराळ वाटेने गेले म्हणजे, भात, नागली आणि वरई यांवर गुजराण करणाऱ्या पाड्यांचा जो मुलूख लागतो, त्या मुलखाची बाजारपेठ म्हणजे हरसूल. आठवडे बाजाराला मीठमिरची आणि कापडचोपड घेण्यास, पोलीस ठाण्यात फिर्याद देण्यास, ग्रामीण रुग्णालयात दुखणे दाखविण्यास भोवतालची माणसे येथे येतात. परंतु नवराबायकोचे पटेनासे होऊन संसार मोडण्याचा प्रसंग आला, म्हणजे त्याचा निवाडा शक्यतो पाड्यावरच, आपल्या माणसांपुढे आणि आपल्या पंचांच्या तोंडून व्हावा, अशी येथील कोकणा, महादेव कोळी आणि वारली समाजांची पूर्वापार वहिवाट आहे.

अशी बैठक कोणाच्या तरी ओटीवर किंवा अंगणात भरते. दोन्हीकडचे सोयरे समोरासमोर बसतात. गावचे जाणते, कधी पोलीस पाटील, कधी सरपंच मध्ये असतात. लग्नात देज, म्हणजे वधूमूल्य, किती दिले होते, त्यातले परत किती करावयाचे, दागिना कोणाकडे राहावयाचा, दोष कोणाचा आणि दंड कोणावर, या गोष्टींचा खल संध्याकाळपर्यंत चालतो; आणि अखेरीस जुन्या चालीप्रमाणे काडी मोडून, किंवा अलीकडच्या रिवाजाप्रमाणे मुद्रांकाच्या कागदावर फारकतनामा लिहून, त्यावर उभयतांच्या सह्या अथवा अंगठे आणि पंचांच्या साक्षी घेऊन, प्रकरण मिटविले जाते. मुलांचा प्रश्न बहुधा या खलाच्या शेवटी येतो. अंगावर पिणारे मूल आईबरोबर जाईल, कळते झालेले मूल बापाच्या घरचे, कारण कूळ बापाचे. किंवा थोरला मुलगा बापाकडे आणि धाकटी मुलगी आईकडे, अशी वाटणी होते, आणि ती कोणास अन्यायाची वाटत नाही. या सर्व वेळी दाराच्या चौकटीला टेकून, धाकटे भावंड कडेवर घेऊन उभी असलेली नऊ-दहा वर्षांची मुलगी डोळ्यांपुढे आणावी. जिच्या पुढील आयुष्याची दिशा त्या ओटीवर ठरत आहे, आणि त्या घरात काय घडत आले आहे हे तेथे बसलेल्या कित्येक पुरुषांपेक्षा जिला अधिक ठाऊक आहे, ती एकटीच अशी असते की तिला कोणी काही विचारीत नाही.

पंचांपुढील ही वहिवाट बेकायदा आहे असे मात्र कोणी समजू नये. १९५५ च्या हिंदू विवाह अधिनियमाच्या दुसऱ्या कलमात असे स्पष्ट नमूद आहे की, केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचना काढून अन्यथा फर्माविल्याखेरीज तो अधिनियम अनुसूचित जमातींना लागू होणार नाही. त्यामुळे आदिवासी समाजातील विवाह आणि विवाहविच्छेद त्या त्या जमातीच्या रूढीने चालतात. मात्र प्रकरण न्यायालयात गेलेच, तर ती रूढी प्राचीन, निश्चित आणि अखंड चालत आलेली आहे, हे पुराव्याने शाबीत करावे लागते. पुढे १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभेला आपल्या रूढी, परंपरा आणि तंटे मिटविण्याच्या पारंपरिक पद्धती जतन करण्याचा अधिकार दिला, आणि महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ मध्ये केले. तेव्हा हरसूलच्या आसमंतातील पंचांची बैठक ही घटनेच्या आणि कायद्याच्या छत्राखालीच भरत असते. मात्र ज्या रूढीला राज्याने एवढा मान दिला, त्या रूढीने आपल्याच मुलांना काय दिले, हा प्रश्न त्या मानामुळेच अधिक गंभीर होतो.

न विचारण्याचा हा दोष एकट्या आदिवासी समाजाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर असताना, दख्खनच्या मुलखातील जातिरिवाज न्यायाच्या कामी उपयोगी पडावेत म्हणून आर्थर स्टील या अधिकाऱ्याने शास्त्री आणि जातीजातींचे प्रमुख यांच्याकडून माहिती काढविली आणि ती १८२७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. लग्न, पाट, सोडचिठ्ठी, वारसा अशा नाना विषयांवर त्या काळच्या सरकारने प्रश्न केले. परंतु ते केले ते प्रमुखांना, म्हणजे प्रौढ पुरुषांना. उच्च मानल्या जाणाऱ्या ज्या जातींत विवाह हा अविच्छेद्य संस्कार समजला जाई, त्यांच्यात तर स्त्रीलाही संसारातून बाहेर पडण्याची वाट नव्हती. ती मुंबई इलाख्यात १९४७ च्या घटस्फोटाच्या कायद्याने प्रथम उघडली. ज्या समाजांना आपण मागासलेले म्हणत आलो, त्यांच्यात ती वाट पिढ्यान्‌पिढ्या खुली होती, आणि काडीमोड घेतलेल्या बाईला पुन्हा घर करता येत होते. ही त्या रूढीची थोरवी मोकळ्या मनाने मान्य केली पाहिजे. खटल्याच्या तारखांत वर्षानुवर्षे झुलत राहणाऱ्या शहरी मुलापेक्षा, चार दिवसांत निवाडा होऊन आजी, मामा, चुलते यांच्या गोतावळ्यात पुन्हा सामावल्या जाणाऱ्या पाड्यावरील मुलाला काही बाबतींत अधिक आधार असतो, हेही खरे. न्यून आहे ते एवढेच की, या गोतावळ्यात मुलाला जागा आहे, पण शब्द नाही.

हा शब्द कायद्याने कोठवर दिला आहे, ते आता पाहू. १८९० चा पालक आणि पाल्य अधिनियम ब्रिटिश अमदानीत झाला, आणि त्याच्या सतराव्या कलमात, अज्ञान मूल समंजसपणे पसंती ठरविण्याइतके मोठे असेल तर न्यायालयाला ती पसंती विचारात घेता येईल, असे म्हटले आहे. शब्द अनुज्ञेचे आहेत, आज्ञेचे नाहीत; तरीही शतकापूर्वी मुलाच्या मनाची दखल घेणारे एक वाक्य आपल्या विधिसंग्रहात आले, ही सामान्य गोष्ट नव्हे. १९५५ च्या हिंदू विवाह अधिनियमाचे सव्विसावे कलम त्याच्या पुढे जाते आणि मुलांचा ताबा, पोषण व शिक्षण यांविषयीचे हुकूम शक्य तेथवर मुलांच्या इच्छेशी सुसंगत असावेत असे सांगते. पण येथेच एक विपर्यास आहे, आणि त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही. तो अधिनियम अनुसूचित जमातींना लागू नाही आणि १९५६ चा अज्ञानत्व व पालकत्वाचा अधिनियमही नाही. म्हणून नाशिक शहरातील मुलासाठी कायद्याने १९५५ मध्ये टाकलेले पाऊल हरसूलच्या आदिवासी मुलापर्यंत पोहोचलेच नाही. त्याच्या वाट्याला राहिले ते १८९० चे 'घेता येईल' एवढेच, आणि तेही कोणी जिल्हा न्यायालयापर्यंत गेले तर. रूढीचे रक्षण करण्याच्या सद्‌हेतूने जी भिंत बांधली, तिच्या पलीकडे मुलाची इच्छाही राहून गेली.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २० नोव्हेंबर १९८९ रोजी बालहक्कांचा करार स्वीकारला आणि भारताने ११ डिसेंबर १९९२ रोजी त्याला मान्यता दिली. त्याच्या बाराव्या अनुच्छेदाप्रमाणे, स्वतःचे मत बनवू शकणाऱ्या प्रत्येक मुलाला आपल्याशी संबंधित सर्व बाबींत ते मोकळेपणाने मांडण्याचा हक्क आहे, त्या मताला वय व परिपक्वता यांच्या मानाने वजन दिले पाहिजे, आणि न्यायालयीन वा प्रशासकीय कामात मुलाला स्वतः अथवा प्रतिनिधीमार्फत ऐकून घेण्याची संधी मिळाली पाहिजे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तर त्याआधीच, १९७३ मध्ये, मुले ही आईबापांची केवळ चीजवस्तू किंवा खेळणी नव्हेत, असे बजावले होते. २००८ मधील एका खटल्यात, आईच्या मृत्यूनंतर आजोळचे आजीआजोबा आणि बाप यांच्यात ताब्याचा वाद असताना, खालच्या न्यायालयांनी त्या लहानग्याचे मन जाणून घेतले नाही याबद्दल त्याच न्यायालयाने नापसंती दर्शविली आणि मुलाशी स्वतः बोलून निर्णय दिला. नॉर्वेने हा प्रश्न अधिक निःसंदिग्धपणे सोडविला आहे. तेथे सात वर्षांच्या मुलाला त्याच्याविषयीच्या निर्णयापूर्वी मत मांडण्याची संधी दिलीच पाहिजे, आणि बाराव्या वर्षापासून त्या मताला मोठे वजन द्यावे, असा कायदा आहे.

येथे एक आक्षेप हटकून घेतला जातो, आणि तो घेणारी माणसे निर्दय नसतात. उलट मुलांच्या मायेपोटीच ती बोलतात. लहान मुलाला 'आई पाहिजे की बाप?' असे विचारणे हा छळ नव्हे काय? तो छळच आहे, यात मला तिळमात्र शंका वाटत नाही. ज्या मुलाने दोघांच्या मांडीवर सारख्याच विश्वासाने झोप घेतली, त्याला पंचवीस माणसांदेखत एकाचे नाव घ्यावयास लावणे म्हणजे दुसऱ्याचा त्याग त्याच्याच तोंडून वदवून घेणे होय. आणि या अपराधाचे ओझे ते मूल पुढे कित्येक वर्षे वाहते. परंतु म्हणून काहीच विचारू नये, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. मुलाचे ऐकणे आणि मुलाकडून निकाल करवून घेणे या दोन सर्वस्वी भिन्न गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत हेच मुलांच्या मौनाचे मुख्य कारण आहे. निर्णयाचा भार प्रौढांनीच वाहिला पाहिजे. मुलाने सांगावयाचे असते ते त्याला काय दिसते, कशाची भीती वाटते, काय हवेसे वाटते आणि काय मुळीच नको, एवढेच.

शिवाय मूल जे सांगते ते नुसते मत नसते, तो पुरावाही असतो. हरसूलच्या बाजूचे पुष्कळ संसार पावसाळा सरला म्हणजे द्राक्षबागांच्या आणि बांधकामाच्या मजुरीसाठी नाशिक, गिरणारे, दिंडोरी या बाजूंना उतरतात. मुले मागे आजीपाशी किंवा आश्रमशाळेत राहतात. अशा घरातील मुलाविषयी 'आईकडे की बापाकडे' असा दोन टोकांचा प्रश्न पंच चघळीत बसतात, तेव्हा वर्षातले सहासात महिने त्याला भाकर करून घालणारी आजी त्या हिशेबात कोठेच नसते. दारू पिऊन आल्यावर कोण हात उगारते, आजारपणात रात्रभर कोण जागते, शाळेची वाट कोणत्या घरापासून जवळ पडते, धाकट्या भावाला कोणाशिवाय झोप येत नाही, हे सारे मुलाला ठाऊक असते. वाटणीत भावंडांची ताटातूट करणाऱ्या पंचांना बहुधा याची कल्पना नसते की, आईबापांपैकी एकापासून दुरावण्याइतकेच, कित्येकदा त्याहून अधिक, मुलाला भावंडापासून दुरावण्याचे भय असते. विचारल्याखेरीज हे कळावयाचे नाही.

न विचारण्याच्या जोडीला न सांगणेही येते. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात १९७१ पासून जुडिथ वॉलरस्टीन आणि जोन केली या दोघी विदुषींनी ६० विभक्त कुटुंबांतील १३१ मुलांचा दीर्घकाळ मागोवा घेतला, आणि अगदी लहान मुलांपैकी बहुतेकांना घरात काय घडत आहे याचा धड खुलासा किंवा आपला सांभाळ पुढे होईल याची हमी कोणी दिलेलीच नव्हती, असे त्यांना आढळले. सुशिक्षित, सुखवस्तू वस्तीतली ही स्थिती. ज्याला कारण सांगितले जात नाही ते मूल कारण स्वतः निर्माण करते, आणि त्याने निर्माण केलेले कारण बहुधा स्वतःचाच दोष असते: मी शेळी हरवली म्हणून भांडण झाले, मी शाळेतून पळून आलो म्हणून आई गेली. अशा समजुतीवर उपाय एकच, मोठ्या माणसाने समोर बसून, सोप्या शब्दांत, पुन्हा पुन्हा खरे ते सांगणे.

महाराष्ट्रात १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय अधिनियमाखाली पुणे आणि मुंबई येथे १९८९ मध्ये न्यायालये सुरू झाली, आणि पुढे नाशिकलाही झाले. तेथील अनुभवातून ऐकण्याची जी रीत तयार झाली, ती पाड्यावरील पंचांनीही समजून घेण्याजोगी आहे. न्यायाधीश मुलाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करीत नाहीत. आपल्या दालनात, आईबाप आणि वकील यांच्या गैरहजेरीत, त्याच्याशी बोलतात. त्याआधी विवाह समुपदेशक मुलाला भेटतात आणि अहवाल देतात. अनुभवी समुपदेशक पहिल्याच भेटीत घरच्या तंट्याकडे वळत नाही. तो विचारतो: सकाळी उठल्यावर आधी काय करतेस? केस कोण विंचरून देते? बरे वाटत नसेल तर कोणाला सांगतेस? सुट्टीत कोठे जावेसे वाटते? या साध्या प्रश्नांच्या उत्तरांतून घर जसेच्या तसे उभे राहते, आणि मुलाला मात्र आपण कोणाविरुद्ध जबानी दिली असे वाटत नाही. पढवून आणलेले मूल ओळखण्याची खूणही येथेच सापडते. ते प्रौढांच्या शब्दांत बोलते, तेच वाक्य जसेच्या तसे पुन्हा म्हणते, आणि 'मग त्या दिवशी काय झाले?' असे विचारले म्हणजे गप्प होते. कारण त्याला निष्कर्ष पाठ करून दिलेला असतो, प्रसंग दिलेला नसतो. एका पालकाने दुसऱ्याविषयी मुलाचे मन कलुषित करण्याच्या या प्रकाराची गंभीर दखल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये घेतली आहे. परंतु मूल पढविले जाऊ शकते, हे त्याला न ऐकण्याचे कारण होत नाही. ते अधिक काळजीने, एकाहून अधिक वेळा आणि एकांतात ऐकण्याचे कारण होते.

भाषेचा मुद्दा आमच्याकडे फारच हलका समजला जातो. हरसूलच्या बाजूची लहान मुले घरी कोकणी किंवा वारली बोलतात. छापील मराठी त्यांना शाळेतच प्रथम भेटते. नाशिकच्या दालनात, अपरिचित खुर्चीवर बसून, अपरिचित मराठीत विचारलेल्या प्रश्नाला असे मूल 'हो' म्हणते, कारण मोठ्या माणसाला 'हो' म्हणावे हे त्याला शिकविलेले असते. तो होकार संमती म्हणून कागदावर उतरतो. मुलाला ऐकावयाचे तर ते त्याच्या बोलीत, त्याच्या ओळखीच्या जागी आणि त्याच्या गतीने ऐकले पाहिजे. आणि या तिन्ही गोष्टी न्यायालयापेक्षा पाड्यावर अधिक सुलभ आहेत. म्हणूनच मला असे निश्चित वाटते की, या बाबतीत पंचांची बैठक न्यायालयाची बरोबरी करू शकेल, नव्हे, मनावर घेतले तर त्याच्या पुढेही जाईल.

त्यासाठी रूढी मोडण्याचे कारण नाही. तिच्यात थोडी भर घालावयाची आहे. फारकतीची बैठक ठरली म्हणजे, ती भरण्याच्या आधीच, दोन्ही पक्षांपासून अलिप्त अशा एका माणसाकडे मुलांशी बोलण्याचे काम सोपवावे. ती अंगणवाडी सेविका असू शकेल, आशा कार्यकर्ती असू शकेल, आश्रमशाळेतील मुलांची बोली जाणणारी शिक्षिका असू शकेल. मामा किंवा चुलता मात्र नसावा, तो कितीही प्रेमळ असो, कारण बैठकीत तो एका बाजूला बसणार असतो. तिने मुलांना ओटीपासून दूर, शेताच्या बांधावर किंवा शाळेच्या पडवीत, प्रत्येकाला वेगळे आणि मग भावंडांना एकत्र भेटावे. आरंभीच सांगावे की, तुला कोणाची निवड करावयाची नाही, ठरविणार मोठी माणसेच आहेत, आणि जे गुप्त ठेव म्हणशील ते, तुझ्या जिवाला धोका नसेल तर, मी गुप्त ठेवीन. मग जे कळले त्याचा मथितार्थ तिने पंचांपुढे ठेवावा, मुलाला तेथे उभे न करता. फारकतनाम्यातही मुलांसाठी एका ओळीची बोळवण न करता, ती कोठे राहतील, शाळा कोणती, दुसऱ्या पालकाला केव्हा भेटतील, सणाला आणि सुट्टीला कोठे जातील, खर्च कोण देईल, जन्माचा व जातीचा दाखला काढण्यास लागणारे कागद कोणाजवळ राहतील, हे स्वतंत्र कलमांत लिहावे. कागदांचे हे कलम क्षुल्लक वाटेल. पण जातीचा दाखला बापाकडील पुराव्यावर निघतो, आणि बापाचे घर दुरावलेल्या मुलीची शिष्यवृत्ती त्या एका कागदापायी अडते.

याच्याही पुढची एक पायरी आहे, आणि ती न्यायालयांतही बहुधा गाळली जाते. निवाडा झाल्यावर त्याच माणसाने पुन्हा मुलांकडे जाऊन, काय ठरले आणि का ठरले, हे सांगावे. उदाहरणार्थ, तू आजीकडे राहीन म्हणालीस, पण आजीला आता दिसत नाही, म्हणून आईकडे राहावयाचे ठरले. आजीला मात्र दर बाजाराच्या दिवशी भेटता येईल. एवढे बोलणे पुरेसे असते. मागितले ते मिळाले नाही तरी आपले बोलणे कानावर घेतले गेले, हे मुलाला त्यातून कळते. ज्याला हे उत्तर मिळत नाही, त्याला बोललो तरी काही उपयोग नाही असा धडा मिळतो, आणि तो धडा ते पुढे स्वतःच्या लग्नाच्या वेळीही विसरत नाही.

पंचांचा निवाडा मुलाच्या हिताविरुद्ध गेला तर दाद कोठे मागावी, हेही माहीत असावे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाप्रमाणे स्त्रिया, बालके आणि अनुसूचित जमातींच्या व्यक्ती यांना, मिळकत न पाहता, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. म्हणजे हरसूलच्या आदिवासी आईला तो दुहेरी नात्याने आहे आणि तिच्या मुलाला स्वतःच्या नावाने आहे. त्यासाठी नाशिकच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुक्याच्या समितीकडे साधा अर्ज पुरतो. मुलांच्या पोटगीचा हक्क तर जातजमात पाहून ठरतच नाही. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२५ व्या कलमाखाली आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमाखाली तो दंडाधिकाऱ्यापुढे मागता येतो, आणि फारकतनाम्यात आईने तो सोडून दिला असे लिहिले असले तरी मुलाचा हक्क त्यामुळे बुडत नाही. मुलाला मारहाण होत असेल किंवा त्याला कोणीच सांभाळीत नसेल, तर १०९८ या क्रमांकावर कोणासही, खुद्द मुलासही, कळविता येते आणि प्रकरण जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढे जाते. आणि जी ग्रामसभा पेसा कायद्याने आपल्या रूढीची राखणदार झाली आहे, तिने मुलांना आधी ऐकल्याखेरीज फारकतीचा कागद आमच्या गावात लिहिला जाणार नाही, असा एक ठराव नोंदवहीत घ्यावा; त्यासाठी मुंबई-दिल्लीच्या कोणत्याही मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.